ड्रायव्हरवरचा डबा

वरची खोली मला मिळाली ती एका अटीवर. थोरले दीर म्हणाले, "तिरुवैयारूच्या हॉटेलवाल्यानं तुझी पानं घेतली तर खोली तुझी. नाही घेतली तर आपण भाडेकरू ठेवू." नवरा बदलीवर मदुराईला. तो फोनवर म्हणाला, "दादा म्हणतो ते बरोबर आहे." इतक्या लांब राहून दादा बरोबर वाटणं सोपं असतं.

मला त्या खोलीत लेट्यूस आणि बेसिल वाढवायचं होतं. तंजावरच्या उन्हात लेट्यूस कडू होतं, म्हणून खिडक्या बंद आणि सगळी मदार दिव्यांवर. दीर वीज खात्यातून निवृत्त झालेले. घरात विजेबद्दल शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी झगझगीत पांढरे दिवे सुचवले.

"खाली वाचायला बसलं तर डोळे दिपले पाहिजेत."

"भावजी, लेट्यूस वाचत नाही."

मी उबदार पांढऱ्या एलईडी चिप्स घेतल्या, मधेमधे गडद लाल. डोळ्यांना मंद दिसतात, पण झाडाला हवा तो लाल उजेड त्यांत भरपूर असतो. जाड अॅल्युमिनियमच्या पट्टीवर त्या ओळीने जोडल्या आणि सगळ्यांच्या व्होल्टेजची बेरीज ड्रायव्हरच्या, म्हणजे दिव्यांना वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, मर्यादेत बसते ना, ते आधी पाहिलं. ड्रायव्हर करंट ठरावीक ठेवणारा घेतला, कारण चिप तापली की जास्त करंट ओढते आणि ओढता ओढता जळते. हा ड्रायव्हर स्वतःही तापतो. म्हणून तो मुद्दाम खोलीबाहेर, गच्चीच्या दाराच्या वर भिंतीला लावला. पत्र्याचा, दोन्ही बाजूंना जाळी, वारा आरपार.

पहिला ट्रे छान आला. दुसऱ्यापासून रोपं उंच, फिकी, दोऱ्यासारखी. मी सकाळी शाळेत शिकवायला जाई, संध्याकाळी येई. दोन्ही वेळा दिवे चालू दिसत. खत बदललं, पाणी बदललं, दिवे खाली आणले. जेवताना दीर रोज एकदा तरी म्हणत, "पांढरे घे म्हणालो होतो."

हॉटेलचा आचारी नमुना घ्यायला आला. त्यानं एक पान देठाला धरून उचललं. ते लोंबलं. "अम्मा, हे उभंच राहत नाही. ताटात काय झोपवून देऊ?" दीर बाजूलाच उभे होते.

पुढच्याच आठवड्यात शाळेला सुट्टी मिळाली आणि भर दुपारी मी खोलीत असताना दिवे विझले. घरात वीज होती. गच्चीच्या दारात येऊन वर पाहिलं. ड्रायव्हरवर प्लास्टिकचा डबा, झाकण घट्ट, वायरींभोवती चिकटपट्टी. हात लावला तर चटका बसला. आत कोंडून तो इतका तापत होता, की दुपारभर स्वतःहून बंद पडायचा आणि ऊन उतरलं की, मी घरी येईपर्यंत, पुन्हा शहाण्यासारखा सुरू व्हायचा.

डबा दिरांनी लावला होता. थोरली जाऊ गच्चीवर वडाम, म्हणजे तांदळाच्या पापड्या, वाळत घालायला जाताना त्या जाळीतून पाल तिच्या डोक्यावर पडली. डोक्यावर पाल पडली की घरात भांडण, असं पंचांगात आहे. पुन्हा पडू नये, म्हणून डबा.

"मला सांगायचं तरी," मी म्हणाले.

"सांगितलं असतं तर हसली असतीस."

"हसून ड्रायव्हर हातभर बाजूला लावला असता. तुम्ही आयुष्यभर ट्रान्सफॉर्मर पाहिलेत, भावजी. त्यांना कधी डब्यात घातलंत?"

जाऊ जिन्यातून म्हणाली, "बघा, पंचांग खोटं बोलत नाही. झालंच ना भांडण?"

मी डबा काढला, नवं बी पेरलं. नव्या रोपांची पानं ताठ आली. ती घेऊन हॉटेलात गेले, तर आचाऱ्यानं दुसरीकडून माल लावला होता. डब्याची गोष्ट नवऱ्याला फोनवर सांगितली. तो म्हणाला, "दादानं चांगल्यासाठीच केलं असणार." भाडेकरू पंधरवड्यात आला.

दिव्यांचा एक संच जावेनं मागून घेतला, तांदूळ निवडायला. आता म्हणते, तांदूळ गुलाबी दिसतात. देताना मी एवढंच सांगितलं होतं, ड्रायव्हर उघडा ठेवा. काल चहा करायला गेले तेव्हा पाहिलं. डबा तोच आहे, चिकटपट्टी नवी आहे.