दुसरा राउटर सांभाळतो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

वाशीमच्या एका खाजगी परीक्षा केंद्राचं नेटवर्क मी बघतो. तिथं दोन राउटर आहेत. एक बंद पडला की दुसऱ्यानं काम उचलायचं. पण नुसतं उचलून भागत नाही. कोणत्या संगणकाचं बाहेर कुणाशी काय चालू आहे, ते पहिल्यानं दुसऱ्याला सतत कळवत राहावं लागतं — नाहीतर चालू असलेलं सगळं तुटतं. ते कळवणं मला जमेना. सारख्या चुका येत होत्या. शेवटी मी ते बंदच करून टाकलं आणि मालकांना म्हणालो — झालं. कोण तपासणार होतं?

प्रज्ञा माझ्या हाताखाली होती. किन्हीराजा गावची, नवीनच लागलेली. तिलाही तेच सांगितलं — काही झालं तर पहिला खुशाल बंद कर, दुसरा सांभाळतो.

एका परीक्षेत पहिल्या राउटरचा पंखा अडकला, जळका वास यायला लागला. मी चहाला गेलो होतो. तिनं तो बंद केला. सगळ्यांचे पेपर एकदम तुटले, पुन्हा लॉगिन होईना. मानोऱ्याची एक बाई तान्हं बाळ बाहेर आईपाशी ठेवून पेपरला बसली होती. ती स्क्रीनकडे नुसती बघत राहिली. तिला पुन्हा परीक्षा देता आली का? मी कधी विचारलं नाही.

मी परतलो तोवर मालकही धावत आले. प्रज्ञा मला म्हणाली, "दादा, तुमीच म्हणले होते ना, दुसरा सांभाळते म्हणून?"

"मी कायले म्हणीन असं? पेपर चालू असताना तू हात कायले लावला?"

ती माझ्याकडे बघत राहिली.

मग मी पंखा बदलला आणि एका मित्राला फोनवर विचारून ते सगळं गुपचूप नीट बसवलं. एवढंच तर होतं — आधी का नाही विचारलं? लाज. मालकांसमोर पहिला राउटर बंद करून दाखवला. काहीही तुटलं नाही. "म्हणजे तुमचं काम पक्कंच होतं," ते म्हणाले. मी मान डोलावली — आणि प्रज्ञाची नोकरी गेली.

परवा ती स्टँडवर भेटली, आईसोबत. मी तोंड फिरवणार, तेवढ्यात तिनंच हाक मारली.

"माय, हे आमचे सर. यायनंच मले काम शिकवलं."

म्हातारीनं हात जोडले. मीही जोडले.