खळ्यातला फणस आणि कोर्टाचा मांडव

आमच्या वाडीत कोर्ट येणार, हे कळलं त्या दिवशी माझे पाय जमिनीवर ठरेनात. कागद मीच वाचून दाखवला होता. जामसंड्याच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत पोचलेली वाडीतली पहिली मुलगी मी, त्यामुळे सरकारी मराठी फोडून सांगायचा मान माझा. देवगडच्या कोर्टाने नेमलेले कमिशनर, म्हणजे एक वकीलच, जागेवर येऊन सावली बघणार होते. नुसती सावली बघायला एक शिकलेला माणूस कोट घालून येतो, याचंच मला केवढं अप्रूप.

भांडण उन्हाचं होतं. वडील गलबतावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. घर चालायचं ते आईच्या सुक्या मासळीवर. घरापुढच्या सारवलेल्या खळ्यात ती सकाळी बांगडे आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, पसरायची आणि पावसाच्या तोंडावर टोपल्या फोंडाघाटच्या बाजारात न्यायची. पण आमच्या पूर्वेला शेजाऱ्यांचा फणस. त्याच्या तीन दांडग्या फांद्या मधला दगडी गडगा ओलांडून आमच्या खळ्यावर पसरलेल्या. अकरा वाजेपर्यंत उन्हाचा पत्ता नसे, आणि दुपारी खारा वारा सुटला की सुकायचं ते तसंच राहून जाई. मागल्या वर्षी बाजारात गिऱ्हाइकांनी टोपलीत हात घातला, नाक मुरडलं आणि पुढे गेले. आई भरल्या टोपल्या घेऊन परत आली. यंदाही मासळी दमट निघाली असती, तर त्या बाजारात तिला कुणी विचारलं नसतं.

शेजारी हापूसच्या कलमांचे मालक. पहाटेच बागेत जात ते दुपारी जेवायला परतत. लागता फणस तोडायचा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. दोन वर्षं त्यांच्यात आणि आईत बोलणं नव्हतं. जे काय असेल ते आमच्या मांजरीमार्फत.

"बघ गो मांजरी, लोकांचो फणस गार आणि आमची मासळी ओली," आई गडग्याकडे तोंड करून म्हणायची.

"मांजरी, सांग तुज्या मालकिणीक," पलीकडून उत्तर यायचं, "फणस माका इचारून वाढता काय?"

आईने दावा लावला तेव्हा आमचे वकील म्हणाले होते की कायद्यात उजेडाचा हक्क घराच्या खिडकीला आहे, खळ्यातल्या मासळीला नाही. हद्द ओलांडून आलेल्या फांद्यांबद्दल मात्र मागता येईल. मला असा संताप आला! कायदा लिहिणाऱ्यांपैकी एकानेही जन्मात बांगडा सुकवला नसणार.

कमिशनर यायच्या आदल्या दिवशी मामा आला. आईचा धाकटा भाऊ, होडीवरचा तांडेल, कामाला वाघ. खळ्यात उभा राहून त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "सायब काय उन्हात फिरतलो? माटव घालूक होयो."

दारी मोठा माणूस यायचा म्हणजे खळ्यात मांडव पडायचाच, मग ते लग्न असो की बारसं. आईने लगेच मान डोलावली, मी तर सुतळी आणायला धावलेच. झावळ्या कमी पडल्या. तेवढ्यात गडग्यापलीकडून शेजारीच झावळ्यांचा भारा घेऊन आले. भांडण फणसाचं होतं, पण कोर्टाचा माणूस म्हणजे सगळ्या वाडीचा पाहुणा. त्यांनी स्वतःच्या हाताने गाठीही मारल्या. संध्याकाळपर्यंत असा दाट मांडव झाला की वाडीतली माणसं बघायला आली.

सकाळी दहाच्या सुमाराला कमिशनर आले. मांडवाखाली खुर्चीत बसले, शहाळं प्यायले, बरं वाटलं म्हणाले. मग कागद काढून विचारलं, "हं, दाखवा. फणसाची सावली कुठवर येते?"

आम्ही सगळ्यांनी खाली पाहिलं. सावलीच सावली. या कडेपासून त्या कडेपर्यंत आमच्याच मांडवाची. मामाने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. शेजाऱ्यांनी हे मुद्दाम केलं असा मला क्षणभर संशय आला, पण त्यांचंही तोंड आमच्याइतकंच वासलेलं होतं.

"ही सावली तर तुमचीच दिसते, बाई," कमिशनर म्हणाले आणि लिहायला लागले.

आईने पदर खोचला. "अरे, बघतंस काय? माटव काढ."

"पाव्हणो बसलोहा गो खाली," मामा पुटपुटला.

मग तिनेच कोयता घेतला. पहिली गाठ तुटली, झावळी कमिशनरांच्या पायाशी पडली आणि ते खुर्चीसकट मागे सरले. मला वाटलं, आता अख्खं घर तुरुंगात जाणार. तेवढ्यात शेजारी पुढे झाले. स्वतः बांधलेल्या गाठी तुटताना बघवेनात म्हणून की काय, ते एकेक गाठ सोडवून झावळ्या उतरवायला लागले. मामाही लागला. मांडव उतरला तरी खळ्यात ऊन आलं नाही. दहा वाजून गेले होते, आभाळ लख्ख होतं आणि वर त्या तीन फांद्या होत्या.

शेजारी मान वर करून बघत राहिले. मग कडेला पसरलेल्या बांगड्यांपाशी वाकले, एक उलटून त्यांनी बोटाने दाबला. या वेळेला ते दोन वर्षांत आमच्या खळ्यात उभेच राहिले नव्हते.

"वैनी," ते म्हणाले, "ओलीच आसा गो मासळी."

वैनी. मांजर नाही, वैनी. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

फांद्या तोडायचं त्यांनी तिथेच कबूल केलं. पण तेवढं कागदावर येईपर्यंत ऊन डोक्यावर चढलं होतं, मांडव गेला होता आणि कोटातले कमिशनर घामाने निथळत होते. शेवटी त्यांनी खुर्ची उचलून गडग्यापलीकडे त्याच फणसाच्या बुंध्याशी नेली आणि त्याच्याविरुद्धचा कागद त्याच्याच सावलीत बसून पुरा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत न जाता शेजारी कुऱ्हाड घेऊन झाडावर चढले. एक, दोन, तीन फांद्या पडल्या आणि खळ्यात धप्पकन ऊन आलं. आई त्या उन्हात उभी राहिली, हातात काही काम नसताना. तिला तशी उभी मी कधी पाहिली नव्हती. वर शेजाऱ्यांनी चौथ्या फांदीवर, त्यांच्याच बाजूच्या, कुऱ्हाड उगारली.

"भावजी, पुरे," आई खालून म्हणाली. "ती ऱ्हवांदे. परत कधी सायब इलो तर बसतलो खंय?"