खोटारड्या उंटाबद्दल तीन तक्रारी

तिसरा फोन ठेवला आणि मी आमचे प्रकाशक दामले सर यांच्या केबिनकडे बघितलं. सर काचेआडून बघतच होते. त्यांनी भुवया उंचावल्या. मी नकारार्थी मान हलवली. तिसऱ्या वाचकालाही कादंबरी आवडली नव्हती.

मी सदाशिव पेठेतल्या एका प्रकाशन संस्थेत संपादन साहाय्यक आहे. नवीन लेखकाची कादंबरी छापायची की नाही, हे ठरवण्याआधी आम्ही तिच्या तीन प्रती काढतो, स्पायरल बाइंडिंग करतो आणि बाहेरच्या तीन वाचकांना देतो. या प्रतीला आमच्याकडे वाचनप्रत म्हणतात. हे वाचक समीक्षक नसतात, साधी वाचणारी माणसं असतात. ते फोनवर मत सांगतात. तिघेही नको म्हणाले, तर लेखकाला नकाराचं पत्र जातं.

या वेळची कादंबरी होती ‘हिंडती विहीर’. एका वाळवंटात एक विहीर असते आणि ती रोज रात्री जागा बदलते. रेवा नावाची मुलगी तिच्या शोधात निघते. वाट दाखवायला सोबत एक उंट. हा उंट बोलतो, पण फक्त खोटं. तो डावीकडे म्हणाला की उजवीकडे जायचं. शेवटी रेवाला विहीर सापडते, उंट मात्र वादळात मागे राहतो. जाताना तिला म्हणतो, “मी परत येईन.” तिथे कादंबरी संपते.

टपालाने आलेल्या गठ्ठ्यांतून ही कादंबरी मीच उचलली होती. आमच्या तालुक्याच्या शाळेत पुस्तकांचं एकच कपाट होतं. कदम बाईंनी त्याची किल्ली माझ्याकडे दिली होती. घरात शिकलेलं कोणी नव्हतं. त्या किल्लीमुळे मी पदवीपर्यंत पोचले, असं मला आजही वाटतं. त्या कपाटात असा उंट नव्हता. तो असायला हवा होता.

लेखक संजय लोखंडे एका दुष्काळी तालुक्यात पाणीपुरवठा विभागात क्लार्क आहेत. त्यांना बाकी सगळीकडून नकार आला होता. तुमच्याकडेही जमलं नाही तर लिहिणं बंद, खात्याची परीक्षा देतो, असं त्यांनी मला फोनवर शांतपणे सांगितलं होतं. त्या शांतपणाची मला धास्ती होती.

आणि मतं अशी आली. कोथरूडचे नाडकर्णी सर, भूगोलाचे निवृत्त शिक्षक: वाळूच्या टेकड्या अशा सरकत नाहीत, लेखकाने वाळवंट फक्त कॅलेंडरवर पाहिलेलं दिसतं. खडकीच्या शोभाताई, दारूगोळा कारखान्यातून निवृत्त: पुस्तकभर कोणी धड जेवत नाही, आंघोळीचं तर नावच नको. सदाशिव पेठेत मित्रांसोबत फ्लॅट करून राहणारा इंजिनिअरिंगचा ऋत्विक: पेस स्लो आहे, मॅजिकचे रूल्स क्लिअर नाहीत, ओव्हरऑल मिड.

“मिड म्हणजे?” दामले सरांनी विचारलं.

“बेताचं, सर.”

“मग बेताचं म्हणायला त्याला काय झालं होतं? असो. पत्र टाइप करा. पण आधी प्रती परत आणा. न छापलेलं पुस्तक गावभर फिरता कामा नये.”

हा आमच्याकडचा पक्का नियम आहे. मी स्कूटर काढली.

नाडकर्णी सरांनी दार उघडलं, माझं काम ऐकलं आणि म्हणाले की प्रत देता येणार नाही, वाचून व्हायची आहे. पण सर, तुम्ही मत तर कळवलंत, मी म्हणाले. ते पहिल्या वाचनाचं होतं, दुसरं चालू आहे, चुका काढायला, असं उत्तर आलं. आत जेवणाच्या टेबलावर चार जुनी कॅलेंडरं पालथी जोडून ठेवली होती. त्यावर पेन्सिलने अख्खं वाळवंट काढलेलं. विहीर रोज कुठे सरकते त्याच्या निळ्या खुणा, आणि उंट कुठे काय खोटं बोलला त्याच्या लाल.

“आम्ही सोमवारपासून मांडीवर ताटं घेऊन जेवतोय,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या. “टेबलावर वाळवंट आहे.”

सरांनी मला दारापर्यंत सोडलं. चप्पल घालताना हळूच विचारलं, “तो उंट येतो का हो परत? म्हणजे, तुमच्याकडे काही माहिती असेल तर.”

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

खडकीला शोभाताईंनी मला बसवलं आणि न विचारता पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. पुस्तक वाचायला घेतल्यापासून येईल त्याला आधी पाणीच देते, म्हणाल्या. वाचताना सारखा घसा कोरडा पडायचा. शेवटी उशाशी कळशीच भरून ठेवली. प्रत मात्र घरात नव्हती. ती नणंदेकडे गेली होती, आणि नणंदेकडून तिच्या व्याह्यांकडे.

“ताई, पण तुम्हाला आवडलं नव्हतं ना?”

“नाहीच आवडलं. त्या पोरीला एक घास सुखाचा नाही. म्हणून तर नणंदेला दिलं. म्हटलं, तूही वाच आणि तूही जळ.” मग त्या थांबल्या. “अगं, जन्मभर खोटं बोललेलं जनावर. एकदा तरी खरं बोलेल की नाही?”

मला आता पोटातून हसू फुटायला लागलं होतं. परत येताना सिग्नलला शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे बघत होता. मी एकटीच हसत होते.

ऋत्विकच्या फ्लॅटमध्ये वाचनप्रत अशी उरलीच नव्हती. पोरांनी स्पायरल काढून टाकलं होतं आणि एकेक प्रकरण फिरत होतं. पहिलं प्रकरण खालच्या मेसमध्ये गेलं होतं. मधली एका मित्राच्या उशीखाली होती. मी उंटाचं नाव काढताच एकाने दोन्ही कानांवर हात दाबले आणि मोठ्याने गाणं म्हणायला लागला. त्याचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं.

“तू मिड म्हणाला होतास,” मी म्हणाले.

“हो ताई, मिडच आहे. पार्ट टू कधी येतोय?”

ऑफिसात शिरले तेव्हा माझ्या हातात एकही प्रत नव्हती. पत्र करायचं बाकी होतं. मी सरांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. टेबल, कळशी, कानांवरचे हात, लोखंडेंची खात्याची परीक्षासुद्धा. सांगताना दोनदा हसू आलं. एरवी मी त्यांच्यासमोर हसत नाही. शेवटी म्हणाले, “सर, तिघांचंही मत वाईट आहे. पण प्रत कोणीच सोडत नाही.”

सरांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, “ऑफिसातली मूळ प्रत काढा. बघू तरी.”

मी कपाट उघडलं. प्रत तिथे नव्हती. मी मागे वळले. सरांनी त्यांची पिशवी टेबलावर ओढली, डब्याखालून प्रत काढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “घरी नेली होती. नकार देताना माहिती असावी माणसाला.” मग त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. “लेखकाला फोन लावा. स्पीकरवर ठेवा.”

लोखंडेंनी फोन उचलला. सरांनी नमस्कार, आपण कसे आहात वगैरे काही केलं नाही.

“तो उंट परत येतो का?”

पलीकडे मागे कोणीतरी साहेबांची सही मागत होतं.

“मलाही माहीत नाही सर,” लोखंडे म्हणाले. “ते आमच्या टँकरसारखं आहे. लहानपणी आई घागर घेऊन उभी असायची. टँकरवाला रोज म्हणायचा, येतो. आम्हाला ठाऊक असायचं, खोटं बोलतोय. तरी आई उभी राहायची.”

“का?”

“एखाद्या दिवशी यायचा ना सर.”

दामले सरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. काच स्वच्छच होती. मी खिडकीकडे बघत राहिले. आमच्या गल्लीतही तसा टँकर यायचा. आम्ही भावंडं त्याच्या मागे ओरडत पळायचो.

“लोखंडे,” सर म्हणाले, “खात्याची परीक्षा पुढच्या वर्षी द्या. आधी दुसरा भाग लिहा.”

पुस्तक दिवाळीच्या आधी आलं. मलपृष्ठावर, म्हणजे पुस्तकाच्या मागच्या बाजूला, एरवी आम्ही कौतुक छापतो. या वेळी सरांनी तिन्ही तक्रारी जशाच्या तशा छापल्या, तिघांची परवानगी घेऊन. नाडकर्णी सरांनी परवानगीसोबत टेकड्यांची दुरुस्ती पाठवली. लेखकाने त्यातली निम्मी मान्य केली. शोभाताईंची एकच अट होती, दुसऱ्या भागात त्या पोरीला एकदा पोटभर जेवू घालायचं. मी एक प्रत कदम बाईंना पाठवली, शाळेच्या कपाटासाठी. त्यांनी कळवलं की ती अजून कपाटात पोचलेली नाही.

तेव्हापासून मी वाचकांना पुस्तक आवडलं का, असं विचारत नाही. प्रत परत मागते. लगेच मिळाली, तर नकाराचं पत्र टाइप करायला घेते.