आखाडातली आफ्रिका

माझं लग्न ठरवताना मामंजींनी जेवढी चौकशी केली नसेल, तेवढी त्यांनी आफ्रिकेतल्या शिकार कंपन्यांची केली. मी तक्रार म्हणून सांगत नाही. माझी चौकशी एका दुपारी कांदेपोह्यांवर आटोपली होती. कंपन्यांची सव्वा वर्ष चालली, आणि तेवढे दिवस आमच्या घरात आनंदीआनंद होता.

मामंजी म्हणजे माझे सासरे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची, त्यांच्याकडे तशीच रीत होती. माझं माहेर नाशिक रोडचं, वडील नोटांच्या प्रेसमध्ये कारकून, आम्ही क्वार्टर्समध्ये वाढलेलो. सासर एकदम दुसऱ्या टोकाचं. गंगापूर रोडला बंगला, दिंडोरीच्या बाजूला द्राक्षबाग आणि बैठकीत कपाटभर बंदुका. मामंजींची उमर पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात मचाणावर बसण्यात गेली होती. मग सरकारनं कायदा केला आणि शिकार बंद झाली. मामंजींनी कायदा पाळला, पण कायद्यावर जे रुसले ते रुसलेच. दर रविवारी रायफल काढायची, तेल द्यायचं, पुसायची, परत ठेवायची. उरलेले सहा दिवस पेपर वाचून सरकारचा उद्धार करायचा.

अशात त्यांचा देवळालीच्या शाळेतला एक गुजराती दोस्त घरी आला. तो कितीतरी वर्षांपासून मोंबासाला दुकान थाटून होता. जेवता जेवता तो सहज बोलून गेला की अरे, आफ्रिकेत परवाना काढून रीतसर शिकार करता येते, त्याच्या कंपन्याच आहेत. तंबू त्यांचे, आचारी त्यांचा, माग काढणारी माणसं त्यांची. तिकडच्या चलनाची भानगड मी बघतो, तू फक्त ये. मामंजींचा हात ताटातच थांबला. मग त्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गावभर सांगायला सुरुवात केली. आफ्रिकेत जाऊन एक रानरेडा मारणार आणि मग बंदूक कायमची खाली ठेवणार. सलूनमध्ये सांगितलं, बागायतदारांच्या बैठकीत सांगितलं, साक्षी गणपतीसमोर भेटलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलं. आमचे हे म्हणाले, बाबा, आधी ठरू तरी द्या. तर मामंजी म्हणाले, ठरल्यातच जमा आहे. नाशकात एकदा बोललेलं परत घ्यायची सोय नाही. लोक तुम्ही मेल्यावरसुद्धा विचारतात, काय झालं हो त्या रेड्याचं?

पत्रव्यवहार अर्थातच माझ्या गळ्यात पडला. घरात इंग्रजी टायपिंग येणारी मी एकटीच. आमच्या ह्यांना द्राक्षांच्या औषधांची इंग्रजी नावं तेवढी यायची.

मोंबासाच्या दोस्तानं तीन कंपन्यांचे पत्ते पाठवले. मामंजींनी तिघींचीही स्थळासारखी तपासणी मांडली. घराणं कोणतं, धंदा किती पिढ्यांचा, मालक स्वतः सोबत येतो की नोकरावर सोडतो, आधी कोण जाऊन आलं, त्यांचे पत्ते द्या. मी टाइप करत जायची. एक पत्र वाचताना मला हसूच फुटलं, कारण मालकाचं लग्न झालंय का हेही त्यांनी विचारायला सांगितलं होतं. मी म्हटलं, मामंजी, हे कशाला? तर म्हणे, संसारी माणूस जीव धोक्यात घालत नाही, लिही तू.

मग तारखांचा घोळ. तिकडे शिकारीचा हंगाम आपल्या पावसाळ्यात. भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवून मामंजी बसले. श्रावणात शिकार नाही, श्रावणात घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. भाद्रपदात गणपती, लगेच पितृपक्ष. पुढे नवरात्र, आणि नवरात्र उरकतंय तोच बागेची ऑक्टोबर छाटणी, ती सोडून मामंजी स्वर्गातही गेले नसते. राहता राहिला आषाढ. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, मग आखाडातच जावा की, आखाडात तर सगळेच मटण खातात. झालं, ठरलं. मी तिन्ही कंपन्यांना कळवलं की आमचे सासरे अमुक अमावास्येच्या आत परत यायला हवेत, कारण तिथून पुढे त्यांना प्राणी मारता येत नाही. दिव्याची अवस इंग्रजीत कशी समजावून सांगायची ते मला आजही कुणी सांगावं.

त्याच पत्रात मामंजींनी आणखी विचारलं होतं, की हाकारे किती लावणार, मचाण केवढ्या उंचीवर बांधणार आणि खाली बांधायचं बोकड कंपनी देणार की आम्ही आणायचं.

उत्तरं आली ती एकेक वाचण्यासारखी. पहिली कंपनी केनियातली. तिनं लिहिलं होतं की आमच्याकडे सगळं होईल, अमावास्या होईल, मचाण होईल, रेडा तर पहिल्याच दिवशी. सोबत गुळगुळीत कागदाचं रंगीत पुस्तक. दुसऱ्या कंपनीला वाटलं की आमचा एखादा चंद्राची पूजा करणारा पंथ आहे, आणि तिनं फार अदबीनं विचारलं की तंबूचं तोंड कोणत्या दिशेला हवं. तिसरी झांबियातली. तिच्या मालकानं पान-दीड पान हातानं लिहिलं होतं. इथे मचाण नाही, हाका नाही, बोकड नाही. रेड्याचा माग काढत सकाळपासून पायी चालायचं, आणि शेवटी अगदी जवळ जाऊन उभ्यानं गोळी घालायची. तुमच्या महिन्यात गवत अजून उभं असतं, रेडा मिळेलच असं मी सांगू शकत नाही. चालण्याची सवय आहे का? त्यात शेवटी लिहिलं होतं, लग्न झालेलं आहे, मुली तीन.

मामंजींना पहिली पसंत होती. त्यांनी ते रंगीत पुस्तक आल्यागेल्याला दाखवायला बैठकीत मांडून ठेवलं. एक दिवस आत्याबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि तिन्ही कंपन्यांचे फोटो घेऊन सोफ्यावर बसल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मराठीही अक्षर लावून लावून वाचायच्या. पण फोटो त्यांनी असे निरखून पाहिले की मुलीच्या बापानंही तसे पाहिले नसते. पहिल्या पुस्तकात मालक मेलेल्या जनावरावर पाय ठेवून उभा, आणि त्याची काळी माणसं दर फोटोत नवी. झांबियावाल्यानं जुनेनवे चार फोटो पाठवले होते. मालकाचे केस काळे होते तेव्हाही शेजारी जो उंच माणूस होता, तोच मालकाचे केस पांढरे झाल्यावरही शेजारी होता. आचारीही तोच, फक्त जाड झालेला.

आत्याबाई म्हणाल्या, "ज्या घरात गडी म्हातारे होतात, ते घर चांगलं. हे घ्या."

मामंजींनी बरंच वाकडं तोंड केलं. पण पुढच्याच महिन्यात केनिया सरकारनंही शिकार बंद करून टाकली आणि पहिलं स्थळ आपोआप मोडलं. बायकोचं ऐकलं असं म्हणावं लागलं नाही, याचा मामंजींना कोण आनंद.

वाटेचं भांडण त्याहून मोठं झालं. शाळेचा नकाशा आणून बैठकीत पसरला. मामंजींना बोटीनं जायचं होतं. मुंबईहून बोट, मोंबासाला दोस्ताकडे मुक्काम, पुढे दार-ए-सलाम आणि तिथून नवी आगगाडी थेट झांबियात. बोटीत माणूस ऐटीत जातो, बंदुकीची पेटी डोळ्यांसमोर राहते, असं त्यांचं म्हणणं. आमचे हे विमानाच्या बाजूचे. बाप-लेक दोन दिवस नकाशावर बोटं फिरवत होते, जसा काही समुद्र त्यांच्या नावावर होता. शेवटी आत्याबाईंनीच विचारलं की नारळी पौर्णिमेच्या आधी कोळीसुद्धा होडी पाण्यात घालत नाही आणि तुम्ही आखाडात कुठं समुद्रावर निघालात? दोघांनी नकाशा गुंडाळला. वाट ठरली. मुंबई ते नैरोबी विमान, नैरोबी ते लुसाका विमान.

आणि मामंजी चालायला लागले. त्या पत्रातलं चालण्याचं वाक्य त्यांना झोंबलं होतं. खाकी हाफपँट, कॅनव्हासचे बूट, डोक्यावर हॅट, खांद्यावर रायफलच्या वजनाची काठी, असा जामानिमा करून रोज सकाळी गंगापूर धरणाच्या दिशेनं निघायचे. सायकलवरून दूध घालायला येणारे लोक थांबून विचारायचे, "काय दादा, रेडा गावला का नाय?" मामंजी हॅट उचलून म्हणायचे, माग लागलाय. दोन महिन्यांत पोट आत गेलं, सरकारला शिव्या देणं बंद झालं. मला मात्र धाप लागायची, कारण किती चाललो ते कळावं, वाटेतली झाडं मोजायला म्हणून ते मला सोबत न्यायचे. खरं म्हणजे त्यांना ऐकायला कुणीतरी हवं असायचं. माझ्या वडिलांनी मला आयुष्यात एवढ्या गोष्टी सांगितल्या नव्हत्या. मला ते फार आवडायला लागले होते, हे सरळच सांगते.

चैत्रात झांबियावाल्याचं पत्र आलं की बंदूक स्वतःची आणणार असाल तर उभ्यानं नेम धरून बघा, मचाणावर टेकून नको, आणि कळवा. आम्ही बागेवर गेलो. मागच्या कोरड्या नाल्याच्या दरडीला मी गोणपाट टांगलं, त्यावर चुन्यानं ताटाएवढा गोल काढला आणि लांब येऊन उभी राहिले. मामंजींनी रायफल खांद्याला लावली. पहिली गोळी दरडीत वरती गेली. म्हणाले, ऊन डोळ्यावर येतंय. जागा बदलली. दुसरी खाली मातीत. तिसरीच्या वेळी मी गोणपाटाकडे बघत नव्हते, रायफलच्या नळीकडे बघत होते. नळी एका जागी राहत नव्हती. उजवा हात थरथरत होता, थोडासाच, पण थांबत नव्हता. त्यांनी डाव्या हातानं मनगट दाबून धरलं, तरी थांबेना. मचाणावर बसून नळी फांदीवर टेकवली की असला हात कुणाला कळत नाही, कदाचित त्यांना स्वतःलाही कळला नसेल. चौथी गोळी त्यांनी मारलीच नाही. रायफल उतरवली, गोळ्या काढल्या आणि म्हणाले, चल, ऊन फार झालं.

 जीपमधून आम्ही घरी आलो. झांबियावाल्याला आता काय लिहायचं ते विचारायची माझी छाती झाली नाही. सगळ्या नाशकाला सांगून बसलेला माणूस. न जावं तर हसं, जावं तर चिडलेल्या रेड्यासमोर तो हात घेऊन उभं राहायचं. आणि मी त्यांना ओळखत होते, हसं होण्यापेक्षा ते रेड्यासमोर उभे राहिले असते.

चार दिवस असे गेले. चालणं बंद, हॅट खुंटीवर. पाचव्या दिवशी बागायतदारांचं टोळकं चहाला आलं आणि कुणीतरी विचारलंच, मग निघायचं कधी? मामंजींनी कप उचलला नाही. मी दारात ट्रे घेऊन उभी होते.

आत्याबाई आतून आल्या. त्या कधी बैठकीत पुरुषांसमोर बोलायच्या नाहीत. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाल्या, "कुठं निघायचंय? मी नाय म्हणून सांगितलंय. बंदूक घेऊन जायचं नाय. मला सोबत न्यायचं तर चला, नायतर घरी बसा."

बैठकीत जो हशा उठला तो फाटकाबाहेर ऐकू गेला असेल. शिकारीची शिकार झाली म्हणून लोक मामंजींच्या पाठीवर थापा मारायला लागले. मामंजी आत्याबाईंकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, काय करणार बाबांनो, घरात हायकोर्ट बसलंय. त्यांनी हार कबूल केली तशी मंडळींना आणखी चेव आला. कुणीच रेड्याचं विचारलं नाही. पुढेही कुणी विचारलं नाही. बायकोनं अडवलं, एवढं नाशकाला पुरलं, आणि आत्याबाई गावात कायमच्या खाष्ट ठरल्या.

मी स्वयंपाकघरात त्यांना गाठलं. तुम्हाला कुणी सांगितलं, असं विचारलं. मी तर कुणाजवळ तोंड उघडलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "सांगायचं कशाला? उन्हाळ्यातल्या खरड छाटणीला वेलाची पहिली काडी दरसाल हे कापतात. औंदा परवा कात्री पोराच्या हातात दिली." आणि कणकेला पाणी लावायला लागल्या. माझे डोळे भरून आले तर मलाच ओरडल्या, की मिरच्या चिरून हात धुतले नाहीस का.

लोक गेल्यावर मामंजी आत आले. स्वयंपाकघरात ते जेवणाखेरीज कधी यायचे नाहीत. ओट्याला टेकून उभे राहिले, हात पाठीमागे धरलेला. माझ्यासमोर बोलावं की नाही असा थोडा विचार केला आणि मग बोलले.

"माझ्यासाठी एवढं वाईटपण घेतलंस?"

आत्याबाईंनी मागे वळूनही बघितलं नाही. "तुमच्यासाठी कशाला? चाळीस वर्षं तुम्ही रानात आणि मी चुलीपाशी. कधी नेलंय का? मला हत्ती बघायचाय."

मामंजी जे हसायला लागले ते ओट्याचा आधार सोडून खाली पाटावरच बसले. खूप दिवसांनी हसत होते. डोळे पुसत त्यांनी मला सांगितलं, "सूनबाई, टाइपरायटर काढ. त्या तीन मुलींच्या बापाला लिही. माणसं दोन, बंदूक नाही."

"आणि चालायचं हळू," आत्याबाई म्हणाल्या. "माझे गुडघे दुखतात म्हणून लिही."