सासऱ्यांचा अमेरिकन विरोधक

जपानमधल्या त्या मोठ्या भूकंपानंतर दोनेक वर्षांनी माझे सासरे पुण्याहून आमच्याकडे निशी-कसाईला राहायला आले. बँकेतून निवृत्त झालेले, गप्पिष्ट, सतत काहीतरी मत असणारे. विमानतळावरून येतानाच माझ्या नवऱ्याने त्यांना बजावलं, "बाबा, इथे आपल्याकडचं राजकारण काढायचं नाही. मागच्या गणपतीत दोन घरांचं बोलणं बंद झालंय."

बाबांनी शब्द पाळला. ते अमेरिकेच्या राजकारणात पडले.

पुस्तकं विकणाऱ्या एका साइटवर त्यांना एक पुस्तक दिसलं. तिथल्या एका राष्ट्राध्यक्षाची भानगड म्हणजे निव्वळ विरोधकांचं कुभांड, असं लेखकाचं म्हणणं. बाबांनी टोपणनावाने त्याला एकच तारा दिला आणि खाली इंग्रजीत दोन परिच्छेद ठोकले.

"पण बाबा, पुस्तक वाचलंत कधी?" मी विचारलं.

"असल्या पुस्तकांबद्दल मत आधीच असावं लागतं गं. वाचल्यावर माणूस गोंधळतो."

दुसऱ्या दिवशी पाच तारे देणाऱ्या एका वाचकाने त्यांना उत्तर दिलं. तुम्ही विरोधी पक्षाला विकले गेले आहात, असा थेट आरोप. मला वाटलं बाबा चिडतील. ते तर मोहरून गेले. "बँकेत उभी हयात गेली, कुणी मला विकत घ्यायला आलं नाही. आणि अमेरिकेत बघ!"

तेव्हापासून रोज संध्याकाळी हे युद्ध. सकाळी मात्र बाबा बागेत जायचे, आमच्या खालच्या मजल्यावर मुलाकडे आलेल्या नागपूरच्या निवृत्त प्राध्यापकांबरोबर. दोघांच्या गप्पा गुडघे, साखर आणि जपानी लोक कचरा किती प्रकारांत वेगळा करतात, एवढ्यावरच. प्राध्यापकांनाही त्यांच्या मुलाने राजकारणबंदी केली होती.

एका शनिवारी संध्याकाळी घर हलायला लागलं. कपाटातल्या बशा वाजल्या, दिवा झुलला. खालच्या उघड्या बाल्कनीतून प्राध्यापकांच्या सुनेचा आवाज आला, "अहो बाबा, ठेवा ते! टेबलाखाली चला!" आमचे बाबाही टॅब्लेट छातीशी धरून टेबलाखाली बसले. हलणं थांबल्यावर त्यांनी आधी स्क्रीन पाहिली.

"अगं," ते टेबलाखालूनच म्हणाले, "अमेरिकेतही आत्ताच भूकंप झाला का?"

मी वाकून वाचलं. विरोधकाने लिहिलं होतं: उशिराबद्दल क्षमस्व. दिवा हलत असल्यामुळे सून टेबलाखाली बसवते आहे. आता मुद्दा क्रमांक चार. शेवटी 'काइंडली डू द नीडफुल'.

बाबांनी ते पुन्हा एकदा वाचलं. मग बाहेर आले, चपला घातल्या आणि जिना उतरले. मी मागोमाग. प्राध्यापकांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्याही हातात टॅब्लेट होता.

"सर," बाबा म्हणाले, "तुमचा मुद्दा क्रमांक चार साफ चुकीचा आहे."

प्राध्यापकांचा चेहरा पडला. रागाने नाही, दुःखाने. "म्हणजे ते तुम्ही? आणि मी नागपूरला सगळ्यांना सांगून बसलोय, अमेरिकेत माझा एक मोठा विरोधक आहे म्हणून."

"मीही पुण्यात तेच सांगितलंय," बाबा म्हणाले.

दोघेही सोफ्यावर बसले, कुणीतरी गेल्यासारखे. सुनेने चहा ठेवला, तो निवत चालला. एवढ्यात दोघांच्याही टॅब्लेटवर एकदमच 'टिंग' झालं. तिसऱ्या एका वाचकाने, बहुधा खऱ्याच अमेरिकनाने, लिहिलं होतं: हे दोघे नक्कीच एकच माणूस आहेत, दोन नावांनी स्वतःशीच भांडतायत.

"हा कोण टिकोजीराव?" प्राध्यापक ताठ झाले.

"सरका जरा," म्हणत बाबांनी चष्मा लावला.

आपण दोन वेगळी माणसं आहोत, असं जाहीर करणारं एक कडक उत्तर दोघांनी खांद्याला खांदा लावून लिहिलं. जेवायची वेळ टळून गेली तरी, ते कुणाच्या नावाने टाकायचं यावर त्यांचं भांडण चालूच होतं.