पावलोपावली देवळे

आमच्या उमेळ्यात माणसाला श्वास घेता येतो की नाही, यापेक्षा तो रविवारी मिस्साच्या प्रार्थनेला जातो की नाही, याचीच चौकशी अधिक. माझा धाकटा भाऊ कॉन्रॅड एक्कावन्न साली ऐन विशीत होता. दम्याने बेजार झालेल्या त्याला डॉक्टरांनी उष्ण, कोरड्या हवेच्या शहरात कायमचे जाण्यास सांगितले. त्याने सोलापूर निवडले. तेथील गिरणीत नोकरीही ठरली. अडली होती केवळ आईची संमती.

आमच्या गावचे पोस्टमास्तर मूळचे सोलापूरचे. त्यांना तिने घरी बोलावले. "मास्तर, तुमच्याकडं देऊळ हाय ना?"

"एक का विचारता, बाई? पावलोपावली देवळे!"

आम्ही ख्रिस्ती लोक चर्चलाच देऊळ म्हणतो, हे त्या भल्या गृहस्थाला काय ठाऊक? मी खुलासा करणार, तोच कॉन्रॅडने माझा पाय दाबला. आईने मात्र आनंदाने ही वार्ता फादरांना कळवली आणि फादरांनी हसत हसत तिचा भ्रम दूर केला.

त्यावर ती कॉन्रॅडला म्हणाली, "म्हंजे ती शंकराची देवळं? मग ऱ्हा हितंच!"

"आई, आपलंही एखादं असेलच की."

"असेलच म्हंजे? पाहून आलास?"

कॉन्रॅड राहिला. दर रविवारी तो शेवटच्या बाकावर धापा टाकत बसतो. गायनाच्या वेळी त्याचे केवळ ओठ हलतात. आई मात्र भेटेल त्याला अभिमानाने सांगते, "माझा कॉन्रॅड एक मिस्सा चुकवीत नाय."