सूर्येच्या खोऱ्यातली एक जास्तीची दुपार

सूर्या नदीच्या वरच्या खोऱ्यात पाठीवर सामान टाकून कसं जायचं, असं एका वाचकाने विचारलं आहे. मला ठाऊक असलेला रस्ता साठ सालानंतरच्या दशकातला आहे. तोच सांगतो.

तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि मी तिथे फिटर होतो. मूळचा साताऱ्याकडचा, कृष्णाकाठचा. भाड्याची खोली जवळच्या पाम गावात. आमच्या टोळीत मुरब्याचा काशिनाथ होता. समुद्रावर वाढलेला, गाठी मारण्यात पटाईत. सुट्टीत डोंगरात जायचं खूळ माझं. नकाशा मिळेना, तर तो म्हणाला, "नकाशा कशाला? नदी धरून वर जायचा."

त्याच्या आईने, जनामावशीने, जुन्या शिडाच्या कापडाच्या दोन पाठपिशव्या शिवल्या आणि सुके बोंबील बांधून दिले. एकच अट घातली. कोजागिरीला दुपारच्या भरतीला त्यांची नवी होडी पाण्यात जायची होती, आणि पहिला दोर घरच्या मुलाने धरायचा ही त्या घरची रीत. "बापाचा खांदा गेलाय," ती म्हणाली. "काश्या, तवा तू हवास."

तीन दिवस आधी निघालो. पालघरहून एस.टी.ने मासवणपर्यंत; तिकीट रुपयाच्या आतच होतं. पुढे चालणं. कापणीला आलेली भातं, मग सागाचं रान. रात्री एका पाड्यावर ओटीवर झोपलो. आम्ही बोंबील दिले, त्यांनी नाचणीची भाकर दिली. पिशवीचे बंद खांद्याला काचतात, तेव्हा खाली टॉवेल घ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडली आणि खोरं समोर आलं. चहूबाजूंनी डोंगर, मधे पिवळी पडत चाललेली वरई, चारदोन झोपड्या. मला भरून आलं. ठरल्याप्रमाणे तासाभरात परत फिरायचं होतं.

तेवढ्यात वरच्या डोंगरावर काळं झालं आणि पाणी गढूळ होऊन चढू लागलं. परतीची वाट पलीकडच्या काठाला. पाणी अजून कमरेखाली होतं, लगेच उतरलो असतो तर पार झालो असतो. काशिनाथने बोटांवर तिथी मोजली. "आज तेरस. पाचच्या सुमाराला सुकती लागल. पानी उतरला की जाऊ."

समुद्राची ओहोटी तो डोंगरातल्या नदीला लावत होता. मी नदीकाठी वाढलेलो. डोंगरातलं पाणी तिथी बघून उतरत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी मी गप्प बसलो. मला ती दुपार हवी होती.

पाच वाजले, सहा वाजले, पाणी चढतच राहिलं. झोपडीतली म्हातारी हसून म्हणाली, "भाऊ, हिला कुठली सुकती? डोंगर उतरल तवा ही उतरल." काशिनाथचं तोंड उतरलं ते मी पाहिलं आणि नजर खाली घातली.

नदी दुसऱ्या दिवशी दुपारनंतर उतरली. मिळेल त्या उजेडात चालत राहिलो. एस.टी., मग सातपाटीहून खाडीपार तरीने मुरब्याला पोचलो तेव्हा कोजागिरीचे तीन वाजून गेले होते. होडी पाण्यावर डुलत होती. जनामावशीने आम्हा दोघांना जेवायला वाढलं. भात वाढताना तिचे तळहात दिसले. दोराने सोललेले, हळद भरलेले.

"खोरा कसा व्हता?" तिने मला विचारलं.

"फार सुंदर," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते.

आज त्या खोऱ्यात धरणाचं पाणी आहे, तेव्हा माझी वाट तुम्हाला उपयोगी पडायची नाही. सोबत्याचा अंदाज चुकतोय हे दिसलं तर तेव्हाच सांगा, एवढं मात्र आजही लागू आहे. शिडाची पिशवी माझ्याकडे अजून आहे. काशिनाथ पुढे म्हातारा होईपर्यंत ही गोष्ट लोकांना हसत सांगायचा, "डोंगरात सुकतीची वाट बघत बसलो मी येडा." मी शेजारीच बसलेला असायचो, आणि सगळ्यांबरोबर हसायचो.